डहाळीचं टोक

या, असे जवळ सरकून बसा. दार लोटून घ्या, डोंगरावरचा वारा आत येतोय. आज एका रागाची गोष्ट सांगतो. रागाला आपण लगेच पापांच्या यादीत टाकून मोकळे होतो, रविवारी गुडघे टेकून त्याची माफी मागतो. पण मला वाटतं, एखादा राग देवानेच कुणाच्या तरी छातीत सांभाळायला दिलेला असतो, आणि तो सांभाळता सांभाळता माणूस म्हातारा होतो. आमच्या फेर्लाखच्या, या बंदुका घडवणाऱ्या गावच्या, उर्शुला चेर्नुटबाईंचा राग तसा होता. गोष्ट मोठी नाही. तीन बोटं रुंदीच्या पोलादावर मावेल एवढीच आहे.

ऑक्टोबरातली मंगळवारची सकाळ होती. रायफलींवर नक्षी कोरणाऱ्या उर्शुलाने नुकतीच कोरणीला धार लावली होती, भिंग डोळ्यावर ओढलं होतं, आणि तेवढ्यात ग्रेगोर तिच्या टेबलापाशी आला. ग्रेगोर कारखान्याचा मालक. आता कारखाना कसला, उत्तरेच्या उजेडाला खिडक्या असलेली एक लांबट खोली, चार माणसं, आणि वर्षाला पाचसहा रायफली. त्याने तिनेच काल संध्याकाळी पुरी केलेली, रायफलीच्या बाजूला बसायची पोलादी पाटी तिच्यापुढच्या कातडी गादीवर ठेवली, एका जागी करंगळीचं नख टेकवलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, ही डहाळी उलटी आहे." एवढंच. आवाजात दोष नव्हता, उलट थोडा संकोचच होता. चड्डी घालून या खोलीत बागडायचा तेव्हापासून तो तिला मावशी म्हणत आला होता. पण उर्शुलाचा डावा गाल एकदम तापला. कुणी हात लावला नव्हता, चूल दूर होती, तरी गालावर चार बोटं उमटावीत तसा तो भाजायला लागला, आणि कानात एक बारीक सूर सुरू झाला तो काही थांबेना. तिने ग्रेगोरकडे पाहिलं नाही. भिंग डोळ्यावर होतंच, तिने पाटीवर वाकून पाहिलं.

पाटीवर दगडांची घसरण होती, मागे कड्याची धार, आणि पुढे दगडांवर आडवी झालेली एक गाम्स, ही आमच्या कड्यांवरची रानशेळी. अंगावरचा केस न् केस तिने वेगळा कापला होता. बरगड्यांवर देवदाराची एक छोटी डहाळी. शिकार पडली की आमच्याकडे टोपी काढून तिच्या अंगावर ही डहाळी ठेवतात, हे काय नव्याने सांगायचं. नर असेल तर मोडलेलं देठ डोक्याकडे, मादी असेल तर कोवळं टोक डोक्याकडे. तिथून जाणाऱ्या कुणालाही लांबूनच कळावं, काय पडलंय ते. उर्शुलाच्या पाटीवर टोक डोक्याकडे होतं. सुया मोजता येतील इतकं स्पष्ट. आणि मागवणाऱ्याने मागितला होता बोकड.

हे मी केलं? तिने स्वतःला विचारलं. हात पालथा करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. वसंतात डॉक्टर वाइगेल व्हिएन्नाहून आले होते. औषधांचे नव्हेत, कायद्याचे डॉक्टर. त्यांना एकच गोळी घेणारी, मधून मोडून उघडणारी, खांद्यावर हलकी अशी डोंगरातली रायफल हवी होती. जो दुसरी गोळी बरोबर बाळगतो तो पहिली नीट मारत नाही, असं ते म्हणाले होते, आणि ब्लाझने, म्हणजे अक्रोडाचे दस्ते बनवणाऱ्या म्हाताऱ्याने, त्यांच्या खांद्याचं माप घेता घेता उर्शुलाकडे पाहून एक भुवई वर केली होती. त्यांनी एक फोटो ठेवला. गेल्या सप्टेंबरात मारलेला आपला मोठा बोकड, तोच कोरायचा. ते गेल्यावर उर्शुलाने फोटो खिडकीशी धरला आणि तिला दिसलं ते दिसलं. नरमादी दोघांना शिंगं असतात, पण बोकडाची बुंध्याशी जाड आणि गळासारखी आत वळलेली; ही काटकुळी होती, उघडी. आणि मागच्या मांड्यांच्या मध्ये सावली नव्हती, थान होतं, भरलेलं. तिने ग्रेगोरला बोलावून दाखवलं. ग्रेगोरने फोटो पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाला, शिंगं जरा जाड काढा, गळ जरा आत घ्या, पोट गवताआड जाऊ द्या. तिने काढली. तोंडातून एक शब्द न काढता काढली. सहा आठवडे ती त्या शिंगांवर एकेक वळी जाड करत बसली, आणि तेव्हा राग आला नव्हता. तो कुठे होता तेव्हा? आता समजत होतं, की तो मनगटात जाऊन बसला होता. डोकं शिंगांत गुंतलं असताना हाताने जे पाहिलं होतं तेच कापलं. ओळखीच्या वाटेने पाय घरी नेतो तसं हाताने टोक डोक्याकडे नेलं, आणि तिला पत्ताही लागू दिला नाही.

"गुरुवारी डॉक्टर येतायत," ग्रेगोर म्हणाला. "बघून गेले की संध्याकाळी पेटी भट्टीत जायची आहे."

त्याला काय म्हणायचं होतं ते सांगायची गरज नव्हती. अजून पोलाद मऊ होतं. रायफल पांढरी होती, नुसती घासलेली. ग्रेगोरने स्वतः दिव्याची काजळी लावून लावून, जिथे काजळी पुसली जाईल तिथे कानस मारत, नळी आणि खटक्याची पेटी एकमेकींत अशी बसवली होती की मध्ये केससुद्धा शिरू नये. आता पाट्या लोखंडी पेटीत हाडांच्या कोळशात पुरून तापवायच्या आणि पाण्यात सोडायच्या. एकदा पोलादाला पाणी दिलं की त्यावर कोरणी चालत नाही, कानस घसरते. त्याच्या आधी काहीही करता येतं. बोथट ठशाने आजूबाजूचं पोलाद हलकेच ठोकून वर आणायचं, खाचा बुजवायच्या, घोटायचं, नवीन कापायचं. तिच्यासारखीला अर्ध्या दिवसाचं काम. तिला जमत नसेल तर, ग्रेगोर खिडकीकडे बघत म्हणाला, नदीपलीकडे एक जण आहे, त्याच्याकडे देतो. मग तिचं टेबलही हळूहळू नदीपलीकडेच जाईल, हे तो म्हणाला नाही. निवृत्तीला तिची दोन वर्षं उरली होती. "मी बघते," ती म्हणाली.

गालाची आग मात्र कमी होईना. डहाळी उलटी आहे. हे शब्द तिने आयुष्यात एकदाच म्हटले होते, नऊ वर्षांची असताना, आणि तेव्हा ते बरोबर होते. तिचा बाप, फोल्टी चेर्नुट, सरदारांच्या रानात जंगलराखा होता. त्याने तिला अक्षरांच्या आधी पावलांचे ठसे वाचायला शिकवले. घरच्या स्लोव्हेन बोलीत त्याने सांगितलेली प्रार्थना आणि त्याने सांगितलेले रानाचे नियम तिच्या डोक्यात एकाच जागी होते. कुठला देवाचा आणि कुठला बापाचा हे तिला वेगळं करता यायचं नाही. मेलेल्या जनावरावरून पाय टाकायचा नाही. पिल्लू बरोबर असलेल्या मादीवर नेम धरायचा नाही, स्वतः राजा आला तरी नाही. ती आईने दिलेला राईचा पाव आणि मांस घेऊन वरच्या खोपटीत जायची. त्या दिवशी ग्रात्स शहराचा कुणी गिरणीमालक शिकारीला पाहुणा आला होता. गोळी वाजली, ती घसरणीवरून धावत गेली, आणि बापाच्या आधी तिला थान दिसलं. दूध दगडावर आलं होतं. पाहुणा दम टाकत वर चढत होता, खालूनच विचारत होता, बोकड ना, बोकड ना? फोल्टी उभा होता. त्याने डहाळी मोडली. टोपी काढली. आणि डहाळी ठेवली, देठ डोक्याकडे. बाबा, उलटी ठेवलीत, ती म्हणाली. मोठ्याने नाही, एखादा प्रार्थनेत ओळ चुकला तर आपण पुटपुटून सांगतो तशी. तेव्हा ती थप्पड बसली. बापाने आयुष्यात मारलेली एकमेव. पाहुणा हसला, म्हणाला, पोरीला हवंय तरी काय, आणि खिशातून चॉकलेट काढून दिलं, आणि तिने ते घेतलं. खाल्लंसुद्धा. ते पिल्लू दोन दिवस घसरणीच्या कडेला उभं राहून हाक मारत होतं. खोपटीच्या आत ऐकू यायचं. बाप कुऱ्हाडीला धार लावत बसला, धार असताना धार लावत बसला, आणि तिच्याकडे त्याने पाहिलं नाही, त्या दिवशी नाही, नंतर युद्धातून परत आल्यावर नाही, मरताना नाही. ती मात्र त्याच्याकडे पाहत राहिली. त्याबद्दल बोलली कधीच नाही. त्याच्या थडग्यावर दर वर्षी मेणबत्ती लावताना तिच्या मनात येणारं पहिलं वाक्य तेच असायचं, बाबा, उलटी ठेवलीत, आणि मग ती प्रार्थना म्हणायची, घाईने, त्या वाक्यावर पांघरूण घातल्यासारखी.

दुपारी ब्लाझने डबा उघडला. बायकोने पुदिना आणि दही भरलेल्या करंज्या दिल्या होत्या. त्यातली एक त्याने उर्शुलाच्या कागदावर ठेवली. पाटी त्याने सकाळीच पाहिली होती. ग्रेगोर बाहेर गेल्याचं बघून तो म्हणाला, तुझ्या हाताला माझ्यापेक्षा बरं दिसतं. मग जरा चघळून म्हणाला, डॉक्टरांची ती शिंगं वसंतातल्या शिकारीच्या प्रदर्शनात मांडली नव्हती, सगळ्यांनी आपापली मांडायची असतात, यांची म्हणे आगगाडीत हरवली. "एवढा मोठा बोकड आणि आगगाडीत हरवला," तो म्हणाला, "तिकीट काढून गेला असेल." उर्शुला हसली नाही. तिला ब्लाझचाही राग आला, हे सगळं ठाऊक असून हा माणूस इतके दिवस करंज्या खात होता म्हणून. आणि ग्रेगोरचा, त्याचा संकोच खरा होता म्हणूनच जास्त. आणि व्हिएन्नाच्या त्या मऊ हातांचा. पण हे सगळे राग फुटकळ होते, एका मोठ्या रागाच्या अंगणात खेळणारे. मोठा राग घरात बसला होता. त्याचं तोंड बापासारखं होतं, आणि आता बघायला गेलं तर थोडं तिच्यासारखंही. कारण शिंगं तिनेच जाड केली होती ना? फोल्टी चेर्नुटने एका क्षणात केलं, पाहुणा वर पोचायच्या आत. ती सहा आठवडे करत होती, भिंग लावून, चांगल्या उजेडात.

बुधवारी ती सकाळपासून ठसा आणि हातोडी समोर घेऊन बसली. सात कोरण्यांना धार लावली. गादी फिरवली, पाटी उजेडाला तिरपी केली, सरळ केली. ठसा डहाळीच्या टोकाशी टेकवला, हातोडी उचलली, आणि हातोडी तिथेच राहिली. हात थरथरत असता तर बरं झालं असतं. तो दगडासारखा स्थिर होता आणि ऐकत नव्हता. तिने त्याला समजावून पाहिलं. दोन वर्षं आहेत. घराचं छप्पर आहे. व्हिएन्नात कुणाला काय कळणार. मग तिला वाटलं, असंच बापाने समजावलं असेल का? आईला सहावा महिना होता तेव्हा. युद्धाच्या आधीची ती वर्षं, कामं नव्हती, जंगलराख्याचं घर सरदारांचं, नोकरी गेली की घरही गेलं असतं. हे तिला माहीत होतं, कधीपासून माहीत होतं. रागाच्या शेजारी हे दुसरं ज्ञानही ती सांभाळत आली होती, आणि म्हणून तर राग कधी पुरता पेटला नाही नि कधी विझला नाही. दुसरं कुणी असतं तर त्यानेही तेच केलं असतं, असं ती स्वतःला सांगायची. त्या जागी उभं राहून कुणालाही जमलं नसतं. या एका वाक्यावर तिचं आणि मेलेल्या बापाचं कसंबसं चाललं होतं. संध्याकाळी तिने हातोडी खणात ठेवली. पाटी होती तशीच.

गुरुवारी अकरा वाजता डॉक्टर वाइगेल आले. हिरवट लोकरीचा कोट, नीट कापलेली पांढरी मिशी, वागण्यात काडीचाही उद्धटपणा नाही. त्यांनी वाकून उर्शुलाच्या हाताचं चुंबन घेतलं, हाताला पोलादाचा वास येतोय असं कौतुकाने म्हणाले. रायफल उघडली, मिटली. कुलूप लागल्यासारखा तो एक दबका आवाज झाला आणि त्यांनी डोळे मिटून तो पुन्हा ऐकला. दस्ता गालाला लावून पाहिला, ब्लाझला म्हणाले, आपण माझा गाल माझ्यापेक्षा चांगला ओळखता. ग्रेगोर पाटी लपवेल असं तिला वाटलं होतं. त्याने लपवली नाही, फक्त सगळ्यांत शेवटी ठेवली. डॉक्टरांनी स्वतःचं भिंग काढलं. आधी कडे, मग दगड, मग शिंगं. शिंगांपाशी ते प्रसन्न झाले. मग भिंग बरगड्यांवर आलं आणि थांबलं.

"ही मादीची डहाळी आहे," ते म्हणाले.

ग्रेगोर घाईने बोलू लागला. नजरचूक झाली, आज दुपारी दुरुस्त होईल, भट्टी एक दिवस पुढे ढकलू. तो बोलत असताना उर्शुलाला आपला आवाज ऐकू आला. तो मोठा नव्हता.

"चूक नाही ती. तिला दूध होतं."

डॉक्टर तिच्याकडे वळले. त्यांचा चेहरा पिकल्यासारखा लाल झाला. ते रागावतील, हसतील, फोटो मागतील, असं काहीही ती धरून चालली होती. ते म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं? ओस्वाल्डने?"

खोलीत ओस्वाल्ड नावाचं कुणी नव्हतं. ब्लाझने हातातला रंधा खाली ठेवला. कोण ओस्वाल्ड, तिने विचारलं. आणि मग, वकील माणूस म्हणूनच असेल, शांततेत अडकल्यावर त्यांना बोलून सुटावंसं वाटलं. त्या दिवशी वाटाड्या बरोबर होता, तिथलाच जंगलराखा. धुकं होतं. दोनदा तो म्हणाला होता, थांबा, नीट दिसू द्या. गोळी सुटली ती सुटली, अपघात कुणाकडूनही होतो. पण तो माणूस विचित्र. टोपी काढून त्याने मादीची डहाळी ठेवली. फिरव म्हटलं, तर फिरवेना. दोनदा सांगितलं, समजावून सांगितलं, बक्षीस देऊ केलं. तो हात बाजूला सोडून उभा. "शेवटी मीच फिरवली," डॉक्टर म्हणाले, "आणि फोटोआधी काढूनच टाकली." मग त्यालाच फोटो काढायला सांगितला. त्याने गुडघ्यावर बसून काढला. खालून.

उर्शुलाच्या लक्षात आलं. पोट दिसेल अशा बाजूने. त्याची डहाळी राहू दिली नाही, तर त्याने फोटोच साक्षीला ठेवला.

"तो आता कुठे आहे?"

"मी रानाच्या मालकांना पत्र लिहिलं होतं," डॉक्टर म्हणाले, आणि भिंग कापडाने पुसू लागले. "उद्धटपणाबद्दल. पुढचं त्यांनी बघून घेतलं, आता तो तिथे नाही. आडनाव आता आठवत नाही मला." मग मूळचा आवाज परत आणून, आवाज अजूनही सौम्यच, म्हणाले की बाईंनी काम अप्रतिम केलं आहे, आणि ती डहाळी फिरवून मिळावी, नाहीतर ही रायफल ते घेऊ शकणार नाहीत.

तेव्हा तिच्या छातीत जे झालं ते सांगायला माझ्याकडे शब्द थोडे आहेत. राग शांत झाला असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, मलाही बरं वाटेल. पण तो शांत झाला नाही. तो एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पुरता उभा राहिला. त्या जागी उभं राहून कुणालाही जमलं नसतं: ज्या वाक्यावर ती बापाबरोबर राहत आली होती, ते वाक्य एका आडनाव नसलेल्या माणसाने दगडांच्या घसरणीवर हात बाजूला सोडून उभं राहून मोडून टाकलं होतं. त्याचंही घर मालकाचंच असेल. त्याच्याही घरी कुणाला सहावा महिना असेल, कुणाला खोकला असेल. जमलं असतं, बाबा. जमतं. देहभर तिला तो राग जाणवला, पायांच्या तळव्यांपर्यंत, आणि नवल असं की तिला त्याची लाज वाटली नाही. गालाची आग कुठे गेली ते कळलंही नाही. जो हात तिथे उमटला होता तो फारच लहान, भेदरलेल्या माणसाचा होता.

ती उठली. पाटी गादीवरून उचलली, तेलाच्या फडक्याने पुसली, दोन्ही अंगठ्यांनी धरून सगळ्यांच्या मधून चालत मागच्या भट्टीच्या खोलीत गेली. लोखंडी पेटी तळाशी कोळसा घालून तयार होती. तिने पाटी आत आडवी ठेवली आणि ओंजळीने हाडांचा काळा कोळसा तिच्यावर लोटू लागली. डॉक्टर दारात येऊन ग्रेगोरला काहीतरी म्हणाले, कायद्याचं. ग्रेगोर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिने वर पाहिलं नाही. एकदा झाकण लिंपलं आणि पेटी तापली की संपलं. अजून तिचा हात धरता येत होता, पेटी उलटी करता येत होती, कारखाना त्याचा होता.

"ग्रेगोर," ती म्हणाली, "मला अडवायचं तर आत्ता अडव. नंतर मावशी म्हणू नकोस."

त्याने एकदा दारातल्या डॉक्टरांकडे पाहिलं. मग त्याने बाजूच्या घमेल्यातली ओली माती घेतली, झाकण बसवलं आणि कडेने बोट फिरवत फट लिंपू लागला, लहानपणी खेळताना लिंपायचा तशी, जीभ दातांत धरून. बाहेर मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. ब्लाझ दाराशी येऊन म्हणाला, की खांद्याचं एवढं चांगलं माप फुकट गेलं, आता तसलाच गाल शोधायला हवा. कुणीच हसलं नाही, पण तो तिथून गेलाही नाही, पेटी भट्टीत सरकवायला त्यानेही एक बाजू धरली.

संध्याकाळी पाटी पाण्यात सुटली तेव्हा निळ्या तपकिरी ढगांसारखे रंग तिच्यावर आले होते. ग्रेगोरने कोपऱ्यावर कानस मारून पाहिली. घसरली. ती रायफल अजून त्याच्याकडे आहे. दोघंतिघं पाहून गेले, डहाळी पाहून विचारतात, आणि तो सांगतो. उर्शुलाचं टेबल खिडकीशीच आहे. बापाच्या थडग्यावर यंदा तिने मेणबत्ती लावली आणि तिथे उभं राहून, बायका ऐकत असताना, "बाबा, उलटी ठेवलीत" हे वाक्य मोठ्याने म्हटलं. प्रार्थना त्यानंतर म्हटली, सावकाश. चर्चच्या पायऱ्यांवर सलग चार रविवार तिने वरच्या दऱ्यांतून येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, तेव्हा कुठे आडनाव मिळालं. ओस्वाल्ड प्रिमुश. लाकडाच्या वखारीत फळ्या रचतो, नोकरीबरोबर घरही गेलं, म्हणून बायकोच्या बहिणीकडे राहतात. त्याला हे काही ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, आज घरी जाऊन हात जोडाल, आपल्या जिवंतांची आणि मेलेल्यांची नावं घ्याल, तेव्हा त्यांत या एका माणसाची आठवण ठेवा: ओस्वाल्ड प्रिमुश.